जोत्याचे थर

समुद्र किती वाढणार हे सांगणं ही माझी नोकरी आहे आणि ती मी पुण्यात करते. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ वितळला तर कुठल्या किनाऱ्यावर किती पाणी चढेल, याची गणितं आम्ही संगणकावर मांडतो. सोसायटीतले लोक अधूनमधून विचारतात, "मग, पुण्यात चौपाटी कधी आणताय?" मी सांगते, अर्ज दिलाय.

आमच्यात एकच आकडा सांगणं असभ्य समजतात. कमीत कमी इतकं, जास्तीत जास्त इतकं, आणि मधला एक अंदाज, असं सांगायचं. अंटार्क्टिका पुढे काय करेल याचा नेम नाही, म्हणून हा पल्ला बराच मोठा असतो. त्याच्याआड आम्ही सुखाने पगार घेतो.

गेल्या हिवाळ्यात दादा विश्रांतवाडीहून दोन बस बदलून थेट माझ्या ऑफिसात आला. कारखान्यातून नुकताच निवृत्त झाला होता. कोकणात खाडीकाठी आईवडिलांची जागा आहे, तिथे घर बांधून कायमचं राहायला जायचं, हे त्याचं ठरलेलं. घराच्या नकाशाची गुंडाळी टेबलावर पसरून त्याने विचारलं, "जोत्याला चिऱ्याचे किती थर घेऊ?"

मी त्याला आलेख दाखवला. आमचे आलेख पुढे पुढे पंख्यासारखे रुंद होत जातात. दादाने तो आदराने पाहिला.

"अगं, गवंड्याला हे दाखवू? थर सांग."

"मधला अंदाज धरला तर चार."

त्याने पेन्सिलीने नकाशावर चार लिहिलं. मग पेन्सिल खाली ठेवली. "तुला बांधायचं असतं तर किती घेतले असतेस?"

याला आमच्याकडे पल्ला नसतो.

"मी तिथे बांधलंच नसतं, दादा."

"हे कधीपासून माहीत आहे तुला?"

"आठ-नऊ वर्षं."

"ओटीवर झोपाळा कुठे टांगायचा, ते गेल्या दिवाळीत तूच दाखवलंस."

मला लाज वाटली. दाखवलं होतं खरं, खाडीकडच्या बाजूला. दादा खुशीत होता, आणि मला त्याचा विरस करायचा नव्हता.