चिंचेखालचा थांबा

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचले. बत्तीस वर्षं बातमीदारी केली. दोघांनी स्वतंत्रपणे तेच सांगितल्याशिवाय ओळ छापली नाही. भुताखेतांवर आजही विश्वास नाही. तरीही जे घडलं ते लिहितो.

आपल्या जिल्ह्यात पूर्वी शेतमाल वाहणारी एक नॅरोगेज गाडी होती. तिच्या इतिहासाचं पुस्तक मी लिहीत होतो. त्यासाठी वारज्यात मुलीकडे राहणाऱ्या एका निवृत्त गार्डना भेटलो. वय ८४, पक्षाघातानं डावा हात गेलेला, दोन वर्षं अंथरुणावर.

"चिंचेखाली आमचा एक थांबा होता," ते म्हणाले. "भाजीवाल्या बायकांसाठी. पाट्या चढेपर्यंत गाडी उभी. वेळापत्रकात नाही, नियमात नाही."

"त्याचा काही कागद?"

"चोरून थांबवलेल्या गाडीचा कागद असतो होय? लिहा. मी गेल्यावर कोण सांगणार?"

"दुसरं कुणी सांगितलं तर लिहीन."

"मग बसा शोधत!" त्यांनी डोळे मिटले. मंगळवार, सकाळचे अकरा. मी तासभर शेजारीच नोंदी करत होतो.

दुसऱ्या दिवशी मंडईत गेलो... कुणालाही न सांगता. त्या पट्ट्यातली कुणी विक्रेती सापडते का, पाहायला. मेथीच्या जुड्या लावणाऱ्या एका आजींसमोर थांबलो. मी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, "तुमीच का पुस्तकवाले? गार्डसायेब म्हनले, येतील."

"कधी?"

"काल. अकराच्या सुमाराला. चिंचेखाली थांबायची का न्हाई, ते सांग म्हनले. थांबायची की! माझ्या पाट्या सोता उचलायचे... डावा हात लुळा पडलाय वो त्यांचा. कदी झालं?"

गाडी बंद झाल्यापासून दोघांची भेट नव्हती. गार्डच्या मुलीला फोन केला. ती या आजींना ओळखतही नव्हती. योगायोग, फसवणूक — सगळं तपासलं. बसत काहीच नाही.

पुस्तक काढणाऱ्या मंडळाचे चिटणीस म्हणाले, "अहो, कागदच नाही, तो थांबा गाळा. लोक हसतील."

"हसू द्या. गाळायचाच असेल, तर माझं नावही गाळा."

"पण ही बाई तुम्हाला सापडली कशी?"

"माहीत नाही. गाडी थांबत होती, एवढं माहीत आहे."

थांबा छापला. पान गार्डना वाचून दाखवताना सरळ विचारलं, "मंडईत कोण गेलं होतं?"

"कूस बदलायला दोन माणसं लागतात मला," ते म्हणाले. "पुढचं वाचा."