बंद मशीनने दिलेलं उत्तर

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात मी लागले त्या दिवशी डबलकाकांनी मला दोन पेनं दिली. मागितलं होतं एक. "हरवलं तर?" ते म्हणाले. त्यांच्याकडे सगळंच दोन-दोन असायचं: दोन चष्मे, दोन छत्र्या, डब्यात दोन चमचे. नाव त्यावरूनच पडलेलं. लॅबच्या मोठ्या बाई एकदा म्हणाल्या, "बायको तेवढी एकच केलीत हो." काका शांतपणे म्हणाले, "तसली दुसरी निघतच नाही."

एकतीस वर्षं त्यांनी त्याच खोलीत काढली होती. काही बिघडलं की हे आधी टेबलाखाली वाकणार, वायर नीट बसलीय का बघणार, मग पुढचं. कुणी सांगितलेलं खरं धरायचे नाहीत, स्वतःचंही नाही. माझा स्वभाव उलटा, हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं. पहिले दोन महिने मला त्यांचा मनापासून वैताग यायचा. नंतर सवय झाली आणि मग मी त्यांच्या हाताखाली शिकतेय हे माझ्या लक्षात आलं.

ज्या सोमवारची गोष्ट सांगतेय, त्या आठवड्यातल्या शुक्रवारी माझे प्रोबेशनचे सहा महिने संपणार होते. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे आमच्या विभागाचे साहेब ठरवणार होते. घरात आई आणि मी, कमावती मी एकटी. त्यामुळे आठवडाभर जपून वागायचं असं मी ठरवलं होतं आणि नेमकं सोमवारी सकाळीच लॅबचं मशीन गेलं.

लॅबचं मशीन म्हणजे खरं तर व्हर्च्युअल मशीन. आमच्याकडे एक मोठा सर्व्हर आहे. त्याच्या पोटात सॉफ्टवेअरने आठ वेगवेगळे कॉम्प्युटर उभे केलेत, प्रत्येकाला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता. हात लावायला काही नाही, पण बाकीच्यांना ते खरेच वाटतात. त्यातल्या एकावरून रक्ताचे रिपोर्ट वॉर्डांत जातात. रविवारी विजेच्या कामासाठी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला होता, आणि सोमवारी सकाळपासून रिपोर्ट कधी जात होते, कधी नाही. लॅबमधले लोक कागद हातात घेऊन चार मजले चढत-उतरत होते.

शनिवारी फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कवर कुणाला आत सोडायचं आणि कुणाला अडवायचं याचे, नियम मी बदलले होते. झालं, खापर फोडायला डोकं तयार होतं. साहेब दारातूनच म्हणाले, "शनिवारी हात कुणी लावला होता? दुपारपर्यंत मला कारण लेखी हवंय." माझी पाचावर धारण बसली.

काकांनी पिंग सुरू केलं. म्हणजे मशीनला सारखी हाक मारायची आणि ओ येते का बघायचं. दोन मिनिटं उत्तर आलं, मग पाच मिनिटं काहीच नाही, मग पुन्हा आलं. काका स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले. तेव्हा साडेदहा झाले होते.

"चल, केबलपासून सुरू करू," ते म्हणाले.

केबल बघितली. नेटवर्कच्या स्विचवर ती दुसऱ्या खाचेत लावली. मशीनचं व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड काढून पुन्हा जोडलं. मशीनमध्ये शिरून पत्ता तपासला, तो बरोबर होता. मी शनिवारचे माझे नियम मागे घेतले, तरी फरक शून्य. काका एकेक गोष्ट इतक्या सावकाश करत होते की मला रडू येत होतं. साडेबारा वाजत आले तशी मी माझ्या टेबलाशी जाऊन साहेबांना मेल लिहायला बसले. 'माझ्या बदलामुळे हा बिघाड झाला, मी माफी मागते.' वाटलं, निदान प्रामाणिक तरी दिसेन.

काका मागे कधी आले कळलं नाही.

"तुझ्यामुळे झालं हे सापडलं का तुला?"

"नाही. पण सगळे म्हणतायत—"

"नियम मागे घेतलेस ना? तरी बिघाड आहे ना? मग हे काय लिहितेस? पुस ते."

त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मी पुसलं. ते खुर्ची ओढून बसले, चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "लॅबचं मशीन बंद कर."

"बंद?"

"पूर्ण बंद कर आणि पिंग मार."

मी बंद केलं. हाक मारली, तर ओ आली. बंद मशीन उत्तर देत होतं.

काकांनी सर्व्हरवरची यादी उघडली आणि अगदी तळाशी नेली. तिथे लॅबच्या मशीनची हुबेहूब प्रत होती, चौदा महिन्यांपूर्वी काढलेली, काढणाऱ्याच्या जागी काकांचं नाव. असू दे एक जादा, म्हणून त्यांनीच काढून बंद ठेवली होती. पण प्रतीत सगळंच उतरलं होतं: तोच पत्ता, आणि सर्व्हर चालू झाला की आपोआप उठायचं हेही. रविवारी ती उठली. एका पत्त्यावर दोन मशीनं, मग निरोप कधी एकीकडे, कधी दुसरीकडे. काकांनी प्रत बंद केली, मी खरं मशीन चालू केलं. पाच मिनिटांत वॉर्डांतून फोन यायचे थांबले.

खोलीत आम्ही दोघंच होतो. 'कारण सापडलं नाही, आपोआप सुटलं' असं लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. काकांनी 'प्रत माझी, चूक माझी' अशा दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि स्वतः जाऊन साहेबांना दिल्या. शुक्रवारी मी कायम झाले. निवृत्तीनंतर काकांना वर्षभर सल्लागार म्हणून ठेवायचं चाललं होतं, तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

दोन महिन्यांनी, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, ते मला कपाटाच्या किल्ल्या देत होते. किल्ल्या देऊन झाल्या तरी उठले नाहीत.

"त्या सोमवारी," ते म्हणाले, "मला साडेदहालाच कळलं होतं. पिंग बघूनच."

केबल, स्विच, कार्ड, माझे ते दोन तास. मला राग आला, चांगलाच आला.

"एकतीस वर्षांत माझं कधी चुकलं नव्हतं गं. तोंडच उघडेना. तू ते लिहायला बसली नसतीस तर मी बोललो असतो का, मला माहीत नाही."

'तुम्ही बोलला असतात,' असं म्हणून मी त्यांना मोकळं करू शकले असते. पण ते मलाही माहीत नव्हतं.

"पण बोललात ना," मी म्हटलं.