मोटार पसंत करणारा मिस्त्री

माझी मुलगी ज्याच्या सल्ल्यामुळे सुखरूप जन्मली, त्या मिस्त्रीचं नाव मला ठाऊक नाही. तो एकदाच भेटला, समुद्रपूरला मालगुजारांच्या अंगणात. त्यांची मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करायची जमीनदारी, नुकतीच गेली होती, तोरा शाबूत होता. नागपूरच्या व्यापाऱ्याने या मिस्त्रीबरोबर दोन वेगवान मोटारी दाखवायला पाठवल्या होत्या. एकीचे गियर हाताने टाकायचे, दुसरीचे आपोआप बदलत. मालगुजारांचा डोळा दुसरीवर होता, कारण तशी मोटार जिल्ह्यात कुणाकडेच नव्हती. माझी बायको गरोदर होती आणि पावसाळ्यात दवाखान्यापर्यंत नेणारी गावात मालगुजार घेतील तीच एक मोटार असणार होती, म्हणून मीही तिथे उभा होतो.

मिस्त्री चपला काढून फाटकाबाहेर गेला. काळ्या मातीत टाच रुतवली, बैलगाडीच्या चाकोरीची खोली वितीने मोजली आणि परत आला.

"मालक, गियरवालीच घ्या. चिखलात फसली तर मागंपुढं झुलवून काढता येते. दुसरी इथंच बसून राहीन."

"पन ते आपोआपवाली महाग हाये ना?" मालगुजार म्हणाले.

"हो जी. म्हून तर शेठनं मले तेच विकाले धाडलं."

मालगुजारांनी गियरवालीच घेतली, आणि श्रावणात त्याच मोटारीने आम्हाला चिखलातून झुलत हिंगणघाटला पोचवलं. बारशाला गावाने मालगुजारांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं, त्यांनीही ते मान डोलवून स्वीकारलं. मी मनातल्या मनात मिस्त्रीला हात जोडले. त्या विक्रीनंतर शेठने त्याला कामावर ठेवलं की नाही, हे मला कधीच कळलं नाही.