सत्तावीस नोंदी

कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या मिस्त्रींना सगळे कानसेन म्हणत, आणि तोंडावरच म्हणत. गाडी दारात येऊन थांबायच्या आत ते आतून ओरडत, "तिसऱ्या सिलिंडरचा प्लग गेलाय!" आणि तो गेलेलाच असे. कार्बोरेटरचा स्क्रू ते डोळे मिटून फिरवत. इंजिनाचा सूर लागला की हात थांबे. लग्न केलं नव्हतं. रक्ताचं म्हणावं असं एकच माणूस, थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं.

मी समोरच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर चालवते. इंजेक्शनच्या गाड्या आल्या तशी त्यांची गिऱ्हाइकं एकेक करून आमच्याकडे वळली. या गाड्यांत पेट्रोल किती आणि केव्हा सोडायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. इंजिनभर बसवलेले सेन्सर त्याला खबर देत राहतात. खबर चुकली की तो मीटरच्या काट्यांशेजारी पिवळा दिवा लावतो आणि बिघाडाची नोंद करून ठेवतो; ती आमचा स्कॅनर वाचतो. कानसेन त्या कॉम्प्युटरला डबा म्हणत. "डब्याला काय कळतंय? इंजिन बोलतं, ऐकणारा पाहिजे."

बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, बेकरीची पावाची व्हॅन चालवत. तिच्यात तो दिवा लागला.

"मेव्हणे, हा माझ्याकडे डोळे वटारून बघतोय," दाजी म्हणाले.

कानसेनांनी बॉनेट उघडून कान दिला. इंजिन लोण्यासारखं चालत होतं. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली, दिवा विझला. तिसऱ्या दिवशी परत लागला.

"समोर दाखवून येऊ का?" दाजींनी चाचरत विचारलं.

"माझ्या दारातली गाडी समोर नेणार? मग मी इथे काय माशा मारायला बसलोय?"

दाजी हसले. कानसेनांनी मीटरचं झाकण काढलं आणि बल्बच उपटून टाकला.

पंधरा दिवसांनी दाजी जाता जाता म्हणाले, "काल चढावर जरा गचकली. लगेच उचललं म्हणा."

"पेट्रोलात पाणी असेल. दुसऱ्या पंपावर भरत जा."

पुढच्याच आठवड्यात, सकाळी सव्वासातला, पुलाच्या चढावर ऐन वळणात व्हॅन बंद पडली. दाजी किल्ली फिरवत होते. मागून लोखंडाच्या सळ्या भरलेला ट्रक आला. त्याला ब्रेक दाबायलाही सवड मिळाली नाही. दाजी जागच्या जागी गेले.

पोलिसांनी ट्रकवाल्याची चूक लिहून घेतली. दोन महिन्यांनी व्हॅन सुटली आणि कानसेनांच्या गॅरेजमागे आली. त्या दुपारी ते पहिल्यांदाच आमच्या दारात उभे राहिले. "तुझं ते यंत्र घेऊन येशील का, पोरी?"

व्हॅनचा मागचा भाग पार चेपला होता, पुढचा शाबूत होता. मी बॅटरी जोडली, स्कॅनर लावला. बॅटरी काढली की फक्त दिवा विझतो, नोंदी डब्यात तशाच राहतात. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतोय हे डब्याला सांगणारा सेन्सर खराब होता. तापला की त्याची खबर क्षणभर तुटायची, आणि ती जास्त वेळ तुटली की डबा पेट्रोल बंद करतो. गार झाला की सगळं सुरळीत.

"म्हणजे माझ्या दारात असताना…"

"ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच, काका."

"किती वेळा नोंद आहे?"

मला खोटं बोलता आलं असतं. "सत्तावीस."

"आणि दुरुस्ती?"

"सेन्सर बदलायचा. अर्ध्या तासाचं काम."

ते खालीच बसले, ऑइलने काळ्या झालेल्या फरशीवर. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "नोंदी पुसू?"

"पुसता येतात?" त्यांनी मान वर करून विचारलं. "नको. राहू देत."

ताईंना सांगू नका, असं मी परोपरीने विनवलं. "तिला माहीत नसताना तिच्या हातचं जेवायचं कसं?" एवढंच ते म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी जाऊन सांगून आले. दुसऱ्या दिवशी मला भेटले.

"काय म्हणाल्या ताई?"

"रडली नाही. म्हणाली, दोन महिने मी ट्रकवाल्याला शिव्याशाप देत होते. तेवढ्यावर तरी झोप लागत होती. आता तुला कशा देऊ? माझं दुसरं आहे कोण? हे मला कशाला सांगितलंस रे?"

गॅरेज त्यांनी बंद केलं. आता आमच्याच वर्कशॉपमध्ये इंजेक्टर धुतात. खाली मान घालून, कुणाशी न बोलता. गाडी आत आली की मुलं गमतीने विचारतात, "काय झालंय हिला, सांगा बघू?" ते म्हणतात, "मला नाही कळत."

ताई दर रविवारी जेवायला बोलावतात, तेही जातात. ताट वाढून झालं की ताई आतल्या खोलीत निघून जातात. ते एकटेच जेवतात, ताट घासून ठेवतात आणि दार लोटून घेऊन परत येतात.