सोळा चित्रांची चाल

धर्मांतराला निघालो त्या दिवशी नागपूरच्या एका फोटोग्राफरने आमच्या मिरवणुकीची फिल्म काढली होती. चावीच्या कॅमेऱ्याने, बिनआवाजाची. पुढल्या उन्हाळ्यात ती तळेगावात दाखवायची ठरली. कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामाच्या खिडक्यांना आम्ही भर दुपारी पोती ठोकली. मशीन चालवायला मी. मशीनची पत्रकं वाचून सगळं येतं, असा माझा तोरा होता.

मशीनच्या मोटारीवर दोन चाकं होती. मोठ्यावर पट्टा चढवला की सेकंदाला चोवीस चित्रं सरकत, बोलपटासारखी. लहानावर सोळा, मूकपटासारखी. आमची फिल्म सोळाची. मी मोठ्यावर चढवला. नवं ते आपलं, जुनं ते त्यांचं, एवढंच माझं शास्त्र.

पडद्यावर बा आला, निशाण घेऊन, आणि टुणटुण पळू लागला. मागे आई, म्हाताऱ्या, सगळ्याच. दाराशी पाटलाच्या आळीतले चौघे उभे होते. त्यातला एक हसला.

"पाह्य पाह्य, म्हातारा कसा पळून राह्यला! पाटलानं हाक मारली वाटते!"

बाची हयात पाटलाच्या हाकेवर धावण्यात गेली होती. चालत गेला तर वहाण बसे. आमच्यातल्या एकाने त्या हसणाऱ्याच्या कानफटात मारली. मग दगड आले. पडदा फाटला. मी फिल्मचा पत्र्याचा डबा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दात जमिनीवर पडले. मला बरं वाटलं. लपवत नाही. त्याच्या भावाची काठी माझ्यावर येताना बा मध्ये शिरला. त्याचं कपाळ फुटलं.

आम्ही त्यांना बाहेर रेटून दार लावलं.

"बा, दवाखान्यात चाल. त्या हासणाऱ्याले मी सोडत नाई."

"त्याले कायले? तो नुसता हासला. पळवलं तं तू मले."

मी मशीनच्या मोठ्या चाकाकडे पाहिलं.

"हळू नाई चालत का तुयी मशीन?"

"चालते."

"मंग काऊन नाई चालवली? लाव."

पट्टा बदलताना रक्ताने बोटं घसरत होती. दारावर दगड आदळत होते. फाटक्या पडद्यावर उजेड पडला. बा आला. एक पाऊल. मग दुसरं. निशाण खांद्यावर, मान ताठ, कसली घाई नाही.

खाली तो कपाळाला धोतराचा बोळा दाबून बसला होता. दाराला धडक बसली तशी आम्ही काठ्या घेऊन उठलो. त्याने पडद्यावरची नजर काढली नाही.

"बसा रे," म्हणाला. "मले पोचू द्या."