चार विसांना एक कमी

गावात ग्रामपंचायत नवी आली होती, तेव्हाची गोष्ट. जळकोटजवळच्या आमच्या गावात चावडीवर टोल्यांचं घड्याळ होतं. ऊन चढायच्या आत कामं उरकावीत म्हणून चैत्रात ते एक तास पुढं करत आणि मृग निघाला की तासभर मागं आणत. हे काम माझ्या वडिलांचं. ते गावचे कोतवाल. त्यांना आकडे वाचता येत नसत. ते काट्यांच्या जागा ओळखत आणि टोले मोजत. घड्याळ मागं आणताना ते काट्यांना हात लावत नसत. लंबक धरून थांबवत, सावली बघत बसत आणि तासाभरानं सोडून देत. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. एकदा माझ्या मनगटी घड्याळाशी ताडून पाहिलं, तर फरक दोन मिनिटांचा निघाला.

त्या वर्षी पंचायतीत नवा कारकून आला. तासभर सावलीकडं बघत बसणं म्हणजे त्याला रिकामपण वाटलं. शिकलेला माणूस आलाय तर चावी त्याच्याकडंच राहू दे, असं सरपंचही म्हणाले. वडिलांनी चावी दिली आणि एवढंच सांगितलं, “काटं मागं फिरवू नगा सायेब, टोलं चुकत्यात.”

“तू मला घड्याळ शिकवतोस?” असं म्हणून त्यानं सव्वानवाचे सव्वाआठ केले.

पाऊण तासानं घड्याळात नऊ वाजले आणि टोले पडले दहा. काटे मागं आले तरी टोल्यांचा क्रम मागं येत नसे; नऊ पडून गेल्यावर पुढं दहाच पडायचे. दहाला धाराशिवची एस.टी. असे. कोर्टाची तारीख असलेले दोघं धावत सुटले. त्यातल्या एकाची दाढी अर्धीच झाली होती. हमरस्त्यावर तासभर आधीच येऊन उभं राहिल्यावर ते चावडीचा उद्धार करू लागले.

सरपंचांनी लगेच वडिलांना बोलावलं. मीही गेलो. आता घड्याळातली टोले सोडणारी तार उचलून, पुन्हा नऊ पडेपर्यंत टोले वाजवावे लागणार होते. किती, ते मी कागदावर काढलं : अकरा, बारा, मग एकपासून नऊ. बेरीज अडुसष्ट.

वडील म्हणाले, “चार ईसाला एक कमी. अर्ध्याचं टोलं कोन धरनार, मास्तर?”

मी पुन्हा मांडलं. मधल्या प्रत्येक अर्ध्या तासाला पडणारा एकेक, असे अकरा टोले मी धरलेच नव्हते. एकोणऐंशी.

त्यांनी तार उचलली. आम्ही सगळे मोजत होतो. एकोणऐंशीव्या टोल्याला त्यांनी हात काढला. बेरजा शिकवणाऱ्या मला तेव्हा लाज वाटायला हवी होती, पण माझी छाती फुगली होती.

कारकुनानं चावी आपणहून त्यांच्यापुढं धरली. म्हणाला, “अप्पा, हे तुम्हीच बघा.”

त्या दिवसापासून तो त्यांना कधी ‘तू’ म्हणाला नाही.