बहिणीची स्कॉलरशिप आणि माझी फुकटची बाटली

मंगळवारी संध्याकाळी मी आणि माझी धाकटी बहीण सायली आमच्या राई गावात खाडीकडच्या बांधावर बसलो होतो. समोर जुनी मिठागरं, पाण्यात अख्खं आभाळ उतरलेलं... आणि आमचा विषय काय, तर स्कॉलरशिप.

सायली सेकंड इयर बीकॉमला आहे. अर्धी फी सरकार देतं. ती हिच्या खात्यात येणार, मग हिने कॉलेजात नेऊन भरायची. वर्गात सगळ्यांची आली, हिचीच नाही.

त्यात सकाळी कॉलेजच्या ऑफिसातल्या मॅडम चारचौघांत बोलल्या, "कॉम्प्युटरवर तर तुझे पैसे गेलेले दिसतायत. उडवून बसलीस का?" शुक्रवारपर्यंत फी नाही तर परीक्षेचा फॉर्म नाही. हिने आयुष्यात कोणाचा रुपया उचलला नाही... ते डिपार्टमेंट माझं.

सरकार म्हणतंय दिले. पासबुक म्हणतंय आले नाहीत.

"दादा, खरं सांग. तूच काहीतरी केलंयस ना?"

शंका बरोबर होती तिची. मागच्या वर्षी मित्राच्या नंबरवरून मी तिला मेसेज टाकलेला, 'आपल्या खात्यात सात बकऱ्या जमा झाल्या आहेत.' दोन दिवस बोलली नव्हती.

"आईशपथ. ह्या वेळी मी नाही."

"मग कुठे असतील रे ते?"

मी बांधावर आडवा झालो. वर बगळे चाललेले, एकदम निवांत... म्हटलं, "मंत्रालयातून निघाले असतील बरोबर. पण पहिल्यांदाच आलेत ना इकडे, गोल्डन नेस्टच्या स्टॉपला उतरायचं सोडून बसने पुढे गेले. आता उत्तनला समुद्रावर बसलेत, पाय सोडून. वारा मस्त लागतोय, निघावंसं वाटत नाहीये त्यांना."

ती हसली. मग पाण्याकडे बघतच म्हणाली, "केबिन रोडला साडीच्या दुकानात मुलगी पाहिजे असा बोर्ड लागलाय. सोमवारपासून जाईन म्हणते."

मी उठून बसलो.

जेवताना पप्पांनी विचारलं, "काय झाला?" दोघं एकदमच म्हणालो, "काय न्हाय."

पप्पांनी तरुणपणी ह्याच मिठागरात पाय सोलून घेतलेत. सायली मोठ्याने वाचायला लागली की टीव्हीचा आवाज कमी करतात. समजत काही नसतं, पण ऐकत बसतात.

बुधवारी तिला घेऊन सिल्व्हर पार्कला भरतभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. सगळे सरकारी फॉर्म आम्ही तिथेच भरतो. उन्हातून आलेलो, मी आपली बाटली काढून पाणी पीत उभा.

भरतभाईंनी आधार नंबर टाकला, हिच्या मोबाइलवर ओटीपी आला. मग चष्मा वर करून म्हणाले, "पैसा तो आ गया है बेटा, दो महिना हुआ. पासबुकवाला खाता नहीं, दुसरा है. जिधर लास्ट में आधार जोडा ना, उधर जाता है."

"मेरा दुसरा खाता ही नहीं है," सायली म्हणाली.

त्यांनी स्क्रीन आमच्याकडे फिरवली. मी बँकेचं नाव वाचलं... आणि बाटली तोंडापासून खाली घेतली.

तेच नाव माझ्या हातातल्या बाटलीवर होतं.

मागच्या गणपतीच्या आधी केबिन रोडला एक मोबाइल कंपनी आपल्या बँकेची छत्री लावून बसलेली. खातं उघडा, स्टीलची बाटली फ्री. माझ्या अंगठ्यावर एक मिळाली, ती आईला दिली. मला पण पाहिजे होती. मग काय, सायलीला हाक मारली, "लकी ड्रॉ आहे, आधार दे, अंगठा लाव." तिने हसत हसत लावला. बाटली मी घेतली, खातं विसरलो.

एक थाप तयार होती तोंडात. सर्व्हरची चूक, बँकेची चूक... तिने विश्वास ठेवला असता. पण ती त्या स्क्रीनकडे अशी बघत होती, जसं कोणीतरी तिच्या नावाने दुसरीच मुलगी बनवून ठेवलीये.

मी बाटली काउंटरवर ठेवली. नाव तिच्याकडे करून.

तिने बाटली वाचली. स्क्रीन वाचली. परत बाटली. मी पाठीत धपाटा खायला तयार होऊन उभा.

"लकी ड्रॉ," एवढंच म्हणाली.

तसेच त्या कंपनीच्या दुकानात गेलो. तिने मशीनवर अंगठा ठेवला... मशीन जरा वेळ विचारात पडलं, मग सगळे पैसे दाखवले. एकही इकडचा तिकडे नाही. दोन महिने शांत झोपलेले. तिथूनच तिच्या पासबुकवाल्या खात्यात टाकून घेतले.

गुरुवारी फी भरली. मॅडमनी पावती दिली, फॉर्म घेतला, वर म्हणाल्या, "आधी नाही का सांगायचं." सायलीने फक्त पेनाला टोपण लावलं.

बारावीनंतर मी असले फॉर्म भरलेच नाहीत. वाटायचं, सरकारचे पैसे आपल्यापर्यंत कुठे पोचणार... आता कळलं, ते पोचतात. मधे माझ्यासारखा एखादा बसलेला असतो, बाटली घेऊन. तुमच्या घरातल्या पोरांचं आधार कुठल्या खात्याला चिकटलंय, एकदा बघून घ्या बाबांनो.

बाटली आता सायलीच्या बॅगेत असते. मी प्लास्टिकच्या बाटलीवर आलोय.

काल जेवताना पप्पांनी विचारलंच, पैसे इतके दिवस अडकले कुठे होते. मी भाताकडे बघत बसलो. आता संपलं म्हटलं.

"काय न्हाय पप्पा," सायली म्हणाली, "उत्तनला गेले होते. वारा लागला, बसले जरा."